एकेचाळीस नंबरची झडप

विद्यापीठात तिला सगळे नोंदबाई म्हणत. अर्थात पाठीमागे. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. रबर आणि तसले मऊ पदार्थ कसे ताणतात, कसे फाटतात, हा तिचा विषय, आणि गेली एकोणीस वर्षं तिच्या प्रयोगशाळेत एकच कायदा होता: वहीत नाही ते झालंच नाही. वही विद्यापीठाची, जाड पुठ्ठ्याची, पानापानावर छापील आकडा असलेली. तारीख घालायची, केलं ते लिहायचं, चुकलं तर खोडायचं नाही, नुसती एक रेघ मारायची, आणि शेवटी कुणातरी दुसऱ्याची सही घ्यायची. सुट्या चिठोऱ्यावर आकडे टिपणाऱ्या विद्यार्थ्याचा चिठोरा ती त्याच्या डोळ्यांदेखत फाडायची. एकाने तळहातावर तापमान लिहून आणलं, तर त्याला तिने आधी हात धुऊन यायला सांगितलं आणि मग प्रयोग पहिल्यापासून करायला लावला.

या शिस्तीचा एक तोटा होता, तो मात्र तिच्याही लक्षात आला नव्हता. सगळं वहीत असल्यामुळे तिच्या डोक्यात आकडा म्हणून राहत नसे. स्वतःचा फोन नंबर सांगतानासुद्धा ती अडखळायची आणि वर त्याचं कौतुक सांगायची.

तिचा थोरला भाऊ गाडी चालवायला शिकवायचा. शिकणारे त्याला मास्तर म्हणत, ती दादा. आवाज असा खणखणीत, की त्याने गाडीत ‘क्लच!’ म्हटलं की फुटपाथवरची माणसं पाय उचलतील. मग घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठीबरोबर स्वरयंत्रही काढलं, जीव वाचवला आणि श्वास घ्यायला मानेत पुढच्या बाजूला एक भोक ठेवलं. बोलायचं झालं की त्या भोकावर बोट दाबायचं, म्हणजे हवा आतल्या एका छोट्या नळीतून घशात चढते आणि घोगरे का होईना, शब्द उमटतात.

“एका हाताने मान धरली,” मास्तर बोट दाबून म्हणाला, “तर स्टिअरिंग कोण सावरणार? तुझी वहिनी?”

बोटाऐवजी आपोआप मिटणारी झडप बाजारात मिळत होती. भोकावर चिकटवायची, की दोन्ही हात मोकळे. पण ती सभ्य माणसांसाठी केलेली होती. हळू बोललं तर ठीक, ओरडलं की टपकन उडायची. मास्तरने ती लावून एकदाच शिकवणी घेतली. समोर हातगाडी आली, तो ‘ब्रेक!’ म्हणून ओरडला, झडप उडून समोरच्या काचेवर आदळली आणि शिकणाऱ्याने घाबरून स्टिअरिंगच सोडलं. मास्तरने स्वतःच्या पायाखालचा ब्रेक दाबला म्हणून निभावलं. त्यानंतर आठ महिने तो घरी बसून होता. रोज सकाळी गाडी पुसायचा आणि परत येऊन खुर्चीत बसायचा. न बोलणारा भाऊ बघणं बहिणीला सहन होईना.

तिने रविवार धरले. स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतः विकत आणलेलं सिलिकॉन, स्वतःचा ओव्हन. पहिल्या चाळीस झडपा फसल्या. कुठली उडायची, कुठली शिट्टी मारायची, एक तर बेडकासारखी डरांव करायची, तेव्हा मास्तर इतका हसला की पुन्हा बोट लावून हसावं लागलं. आणि हे सगळं तिने कुठे लिहिलं? विद्यापीठाच्या वहीत. दुसरीकडे लिहायचं तिच्या मनातही आलं नाही. सही करायला घरात दुसरं कोण, म्हणून वहिनीला बसवलं. पानाखाली ‘वाचले व समजले’ असं छापलेलं असायचं. वहिनीने ‘व समजले’ खसाखसा खोडलं आणि मग सही केली.

“खोडायचं नाही हो वहिनी! एक रेघ!”

“मला समजलं नाही ते नाही, वन्सं. खोटं कशाला लिहू?”

एकेचाळिसावी जमली. तिची बाहेरची गोल कडी मानेला घट्ट चिकटायची, कितीही ओरडा. आणि आतल्या, बोलताना मिटणाऱ्या पडद्याच्या कडेला एक बारीक तिरकी चीर होती. ओरडून झाल्यावर माणूस जोरात श्वास ओढतो. त्या ओढीने पडदा भोकालाच चिकटून बसू नये, म्हणून ती चीर. सगळी करामत त्या चिरेत होती. मास्तर गॅलरीत गेला आणि दोन्ही हात कठड्यावर ठेवून ओरडला, “ब्रेक!” खाली एक सायकलवाला खरोखर थांबला. वहिनी ओट्याला टेकून रडायला लागली. आठ महिन्यांत नवरा तिच्यावर एकदाही खेकसला नव्हता, त्याचंच तिला रडू आलं, असं तीच नंतर सांगायची.

नोंदबाईने त्या दिवशी अठ्ठ्याऐंशीव्या पानापर्यंत लिहिलं. पडदा साधारण नऊ आठवड्यांत कडक होईल, मग बदलावा लागेल, हेसुद्धा तिने स्वतःहून लिहून ठेवलं.

मास्तर पुन्हा गाडीत बसला. त्याच्या डॉक्टरांनी झडप पाहिली आणि विचारलं, आणखी चार पेशंटना मिळेल का? इथे एखाद्या चतुर माणसाने गुपचूप चार झडपा करून दिल्या असत्या. नोंदबाईला गुपचूप काही करता येत नव्हतं. ती रीतसर विद्यापीठाच्या पेटंट कक्षात गेली आणि नवा शोध जाहीर करण्याचा अर्ज भरला. नऊ पानी अर्ज, एकही रकाना मोकळा नाही.

तिथली अधिकारी बाई फार गोड बोलायची. तिने उभं राहून अभिनंदन केलं, पाणी मागवलं, वही चाळली आणि तिचे डोळे चमकले.

“मॅडम, तुम्ही तर आमचं सगळं काम करून ठेवलंय. तारखा, सह्या, सगळं. नाहीतर आम्हाला हेच शोधताना नाकी नऊ येतात. वही ठेवून जा, उद्या प्रत काढून परत देते.”

वही उद्या आली नाही. पुढच्या आठवड्यातही आली नाही. तीन आठवड्यांनी पत्र आलं: हा शोध विद्यापीठाच्या मालकीचा आहे, सहकार्याबद्दल आभार.

ती तरातरा जिने चढून गेली.

“घर माझं, रविवार माझा, सिलिकॉन माझं. विद्यापीठाचा यात संबंध काय?”

“विषय तुमच्या नोकरीचाच ना, मॅडम? आणि वही कोणाची?” बाईने पुढे एक पिवळट कागद ठेवला. खाली नोंदबाईची एकोणीस वर्षांपूर्वीची सही होती, तरुण, गोलगोल. “रुजू होताना दिलंत. नोकरीत असेपर्यंत, आणि सोडल्यावर एक वर्ष, तुमच्या विषयात जे सुचेल ते विद्यापीठाचं. त्यात केलेली सुधारणाही विद्यापीठाची.”

“तेव्हा हे माझ्या स्वप्नातही नव्हतं!”

“नव्हतंच,” बाई हसून म्हणाली. “पण तुम्हाला सुचण्याआधीच ते आमचं झालं होतं.”

 बाईच्या बोलण्यात दरारा नव्हता, दुष्टपणा नव्हता. असता तर भांडता तरी आलं असतं. नोंदबाईने सही पुन्हा पाहिली. तो कागद आपण तेव्हा वाचला होता का, हे तिला काही केल्या आठवेना.

दोन महिन्यांनी विद्यापीठाने झडपेचे सगळे हक्क एका कंपनीला दिले. जिची झडप काचेवर आदळली होती, तीच ही कंपनी. छोटा समारंभ झाला, नोंदबाईला पुष्पगुच्छ मिळाला, फोटोत ती हसलेलीही आहे. कारण तिला वाटलं, चला, आता कारखान्यात निघेल, हजारो लोकांना मिळेल. सहा आठवड्यांनी तिने विचारलं, कधी निघणार?

“सध्या त्यांचा विचार दिसत नाही,” अधिकारी बाई म्हणाली. “त्यांची जुनी झडप चांगली खपते आहे. नवी काढायची की नाही, तो त्यांचा प्रश्न.”

“आणि ते चार पेशंट?”

“मॅडम, आता तुम्ही एकही झडप करायची नाही हं. कुणासाठीच.”

त्याच शनिवारी सकाळी कंपनीचा माणूस मास्तरच्या घरी आला. चाळिशीचा, नीटनेटका, आवाज हळू. नोंदबाई तिथे होतीच, साचे आणि फसलेल्या झडपा मुकाट्याने घेऊन आली होती, कारण तसं पत्र आलं होतं. त्याने हातात रबरी मोजे चढवले आणि टेबलावर एकेक नग मांडला. यादी वहीवरूनच बनवलेली होती.

“एक ते चाळीस, बरोबर. एकेचाळीस नंबरचे तीन नग लिहिलेत. इथे वापरून कडक झालेले दोन आहेत. तिसरा?”

“माझ्या गळ्यात आहे,” मास्तर म्हणाला. दोन्ही हात त्याने छातीवर घट्ट घडी घालून ठेवले होते.

माणसाने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. “वा. आवाज फार स्वच्छ येतो.” आणि त्याने ते लिहून घेतलं.

“ती मिळणार नाही,” वहिनी दारातून म्हणाली. “काढून दाखवाच.”

“नाही नाही, ताई. घाई कसलीच नाही.” तो यादीचं पान उलटत होता. “अठ्ठ्याऐंशीव्या पानावर लिहिलंय, नऊ आठवडे. आज चौथा चालू आहे ना? संपले की पोस्टाने पाठवा. पाकीट देऊन ठेवतो, तिकीट लावलेलं आहे.”

पाकीट टेबलावर ठेवून तो गेला. मास्तर म्हणाला, “माणूस सभ्य आहे गं. एकदाही ओरडला नाही.” कुणालाच हसू आलं नाही.

जाण्याआधी त्या माणसाने नोंदबाईकडून एक कागद सही करून घेतला होता: माझ्याकडे आता नमुना नाही, साचा नाही, आकडे नाहीत. अक्षरन्‌अक्षर खरं होतं. दुर्दैव तर तेच होतं. चीर किती खोल, किती तिरकी, सिलिकॉनच्या दोन भागांचं प्रमाण काय, ओव्हन किती वेळ, सगळं वहीत आणि वही त्यांच्याकडे. घरी एक चिठोराही नव्हता, कारण चिठोरा ठेवणाऱ्यांचा तिला राग होता. ती पुन्हा कक्षात गेली आणि म्हणाली, मला फक्त एकदा वही बघायची आहे.

“ती आता गोपनीय आहे. कंपनीची परवानगी लागेल, आणि कशासाठी हवी ते लिहून द्यावं लागेल.”

“अहो, अक्षर माझं आहे!”

“अक्षर तुमचंच आहे, मॅडम. त्याबद्दल कोणाचंच काही म्हणणं नाही.”

आठवडे मोजायला लागलं की फार भराभर जातात. सातव्यात मास्तरचा आवाज फाटायला लागला. आठव्यात प्रत्येक वाक्यामागे बारीक शिट्टी यायला लागली. तो तक्रार करत नव्हता. फक्त शिकवण्या उरकायच्या मागे लागला होता, दिवसाला दोन दोन जास्त. ती घरी आली की विचारायचा, “काही सुचतंय का गं?” लहानपणापासून तो तिला हेच विचारायचा, गणित अडलं की, खेळणं मोडलं की. आणि तिला नेहमी काहीतरी सुचायचंच.

नवव्या आठवड्यात तिने अधिकारी बाईची ताकीद गुंडाळून ठेवली आणि आठवून आठवून बेचाळिसावी झडप केली. चीर होती हे आठवत होतं. किती, ते नाही. तिने अंदाजाने पाडली. अंदाज हा शब्द तिच्या प्रयोगशाळेत शिवीसारखा होता. यावेळी तिने काहीही लिहिलं नाही, आणि न लिहिता काम करताना ती सारखी दाराकडे बघत होती, जणू ती चोरी करत होती. तशी ती करतही होती, कागदोपत्री.

चार दिवस झडप मजेत चालली. मास्तर पूर्वीसारखा खेकसायला लागला. पाचव्या दिवशी दुपारी एक निवृत्त पोस्टमास्तरीण बाई गाडी शिकत होत्या. वळणावर त्यांनी गाडी थेट दुभाजकाकडे नेली. मास्तर ओरडला, पुरेसं ओरडला, गाडी थांबली. मग त्याने श्वास ओढला, पडदा आत ओढला गेला आणि तिथेच चिकटून बसला. त्याने झडप उपटायचा प्रयत्न केला. पण ती निघणार कशी? कितीही जोर आला तरी न उडणारी झडप त्याच्या बहिणीने केलेली होती. तो निळा पडला. पोस्टमास्तरीण बाईंनी आयुष्यभर लाखेची सीलं फोडली होती. त्यांनी नखं घालून ती कातड्यासकट ओरबाडून काढली. ‘अजून अर्धं मिनिट गेलं असतं तर,’ एवढं म्हणून डॉक्टर थांबले. झडप त्यांनी अहवालासाठी बाटलीत ठेवली आणि झडपा करणाऱ्या कंपनीला फोन करून कळवलं.

बातमी नोंदबाईला वर्ग चालू असताना कळली. ती तशीच धावत निघाली. आपण दादाला मारत होतो, एवढं एकच वाक्य तिच्या डोक्यात होतं, आणि ते तिने रिक्षात बसल्यावर मोठ्याने म्हटलंही. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि रिक्षा जोरात काढली.

इस्पितळाच्या पायऱ्या चढताना फोन वाजला. अधिकारी बाई.

“भाऊ बरे आहेत ना? ऐकून वाईट वाटलं हो. तुमच्याबद्दल आमची काही तक्रार नाही. फक्त, नवी झडप केलीत म्हणे. मग नवा अर्ज लागेल. कधी सुचलं, आणि कोणाकोणाला सांगितलंत, तेवढं नीट आठवून लिहा. त्या लोकांशीही आम्ही बोलून घेऊ.”

मास्तर खाटेवर उशाला टेकून बसला होता. मानेवर भोकाभोवती पट्टी, गाल एका दिवसात बसलेले. वहिनी शेजारी त्याचा पाय दाबत होती. तिने नणंदेकडे एकदा पाहिलं आणि दुसरा पाय दाबायला घेतला. नोंदबाई खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. मास्तरच्या मानेतून श्वास आत बाहेर होत होता आणि पट्टीची सैल कड प्रत्येक श्वासाला भोकाकडे ओढली जात होती. ओढली जायची, पण चिकटायची नाही. कारण ती तिरकी होती.

आणि तिला सुचलं.

चीर नकोच. कडीच आतून उतरती करायची, नरसाळ्यासारखी. पडदा मग चिकटूच शकणार नाही, कितीही जोरात श्वास ओढा. उताराचा कोन, पडद्याची जाडी, कडीची उंची, एका क्षणात सगळं तिच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. एकेचाळीसपेक्षा चांगली. त्या चार पेशंटसाठी, चारशे पेशंटसाठी चांगली. आयुष्यात तिला यापेक्षा चांगलं काही सुचलं नव्हतं.

मास्तरने बहिणीचा चेहरा पाहिला. तो चेहरा तो पन्नास वर्षं बघत आला होता. त्याने बोट उचलून भोकावर ठेवलं.

“काही सुचतंय का गं?”

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. हो म्हटलं की तो साक्षीदार. दादाला खोटं बोलता येत नाही. तो हळू बोलणारा माणूस याच खाटेशी येऊन बसेल, विचारेल, ताई कधी म्हणाल्या? आणि दादा सरळ तारीख सांगून मोकळा होईल. मग हीसुद्धा त्यांच्या कपाटात. तिचा हिशेब क्षणात झाला होता: उद्या राजीनामा. त्यानंतर एक वर्ष. वर्षभर कुणाला सांगायचं नाही, कागदावर एक रेघ ओढायची नाही. मग एका सकाळी उठून म्हणायचं, आजच सुचलं बरं का. तोवर दादाने एका हाताने मान धरून जगायचं. तोवर गाडी विकावी लागली तर विकायची.

“नाही दादा,” ती म्हणाली. “काहीच नाही.”

तो तिच्याकडे बघत राहिला. खोटं त्याला कळलं होतं की नाही, हे तिला समजेना. मग त्याने बोट काढून घेतलं आणि हात चादरीवर ठेवला.

ती बाहेर पॅसेजमध्ये आली आणि भिंतीला टेकून मनातल्या मनात आकडे म्हणायला लागली. उतार सोळा अंश, जाडी अर्धा मिलिमीटर, उंची साडेतीन. सोळा, अर्धा, साडेतीन. रडू येत होतं, पण रडलं तर आकडे निसटतील म्हणून ती रडलीही नाही. समोरून नर्स आली आणि तिने फॉर्मसाठी मास्तरचं वय विचारलं. नोंदबाईने सांगितलं. नर्स पुढे गेली.

अर्धा, साडेतीन. आणि उतार?

सोळा. की अठरा? तिचा हात आपोआप पर्समधल्या पेनाकडे गेला, आणि तिने तो दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला. वर्ष अजून सुरूही झालं नव्हतं.